मे महिना, नात्यातली घरं आणि खाड्यांवरच्या फेरीबोटी

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

यंदा मे महिन्यात कुठे गेला होतात, असं विचारणाऱ्यांना मी "नातेवाइकांकडे" एवढंच सांगते आणि समोरच्याचा उत्साह मावळतो. नातेवाइकांकडे जायला आता लग्न, बारसं किंवा आजारपण लागतं. नुसतं भेटायला म्हणून गेलं की लोक आधी चेहरा वाचतात, काही अडचण आहे का म्हणून! केळशीच्या आत्येने तर दारातच विचारलं, "सगळं ठीक ना गो?"

नवरा नुकताच निवृत्त झालाय, लेक तिच्या नोकरीत. त्यामुळे परतायची तारीख ठरलेली नव्हती. श्रीवर्धनला मावससासूबाई, केळशीला आत्या, गुहागरला मामेभाऊ आणि मालवणजवळ नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. नकाशावर ही घरं जोडली तर किनाऱ्याला समांतर रेघ निघते आणि प्रत्येक दोन घरांच्या मध्ये एखादी नदी समुद्राला मिळते. मग ठरवलं की मुंबई-गोवा महामार्गाचं तोंड बघायचं नाही. किनाऱ्या-किनाऱ्याने खाली उतरायचं, खाडी आडवी आली की गाडी फेरीबोटीत घालायची.

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन. तिथून हरिहरेश्वराच्या अलीकडे बागमांडला. इथे सावित्री ओलांडून वेश्वीला उतरलं की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. महाबळेश्वराहून निघालेली ही नदी इथे इतकी रुंद होते की पलीकडची माणसं ओळखू येत नाहीत. वेश्वीहून बाणकोट, वेळास करत केळशी. पुढे आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ. दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपावे, की गुहागर हाकेवर. चिपळूणवरून रस्त्याने आलात तर याच अंतरासाठी शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. गुहागरहून हेदवी, तवसाळ, मग शास्त्री नदी ओलांडून जयगड. त्याच्या पुढे मात्र पूलच पूल आहेत.

खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण खरी मजा धक्क्यावर थांबण्यात. दाभोळला आमच्या पुढे लग्नाचं वऱ्हाड होतं, फणसांनी भरलेला टेम्पो होता आणि नवं कपाट दोरीने रिक्षाला बांधून नेणारं जोडपं होतं. बोट सुटेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांची चौकशी करून झाली. वेळ असेल तर दाभोळला तसेच पुढे पळू नका. चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ समईच्या उजेडात बघायचं आणि बंदरालगतची आदिलशाहीतली मशीद बघायची. एके काळी अरबस्तान-इराणशी व्यापार करणारं हे बंदर आता इतकं निवांत आहे की पटत नाही.

आता मुक्कामांबद्दल, कारण ते प्रवासवर्णनात कुणी लिहीत नाही.

मे महिन्यात कोकणातल्या घरी जाणं म्हणजे कारखान्यात जाणं. आत्येकडे पडवीभर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं पसरलेली. सकाळी उठून ते फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात टाकायची. सुकत आलेली सालं मीठ घातलेल्या आगळात (रातांब्याच्या रसात) बुडवून पुन्हा उन्हात. अशी पुटं देत देत ती काळी पडली की आमसुलं झाली. आपण पुण्यात पाकीट फोडतो तेव्हा यातलं काही डोळ्यासमोर येत नाही. दुसरीकडे आंबापोळीची ताटं, तिसरीकडे बरक्या फणसाचा रस काढणं. पाहुणा म्हणून पाटावर बसून राहिलात तर चहा मिळेल, गप्पा मिळणार नाहीत. रातांबे फोडताना आत्येने माझ्या आईच्या लग्नातली जी भांडणं सांगितली, ती मी आयुष्यात ऐकली नव्हती.

पाण्याचंही सांगते. मेच्या मध्यापर्यंत विहिरी तळाला जातात. यजमान बोलणार नाहीत, पण आंघोळ एका बादलीत आटपा आणि भांडी घासायला बसलात तर नळाखाली नाही, टोपात पाणी घेऊन. आणि नेताना मिठाई नेऊ नका. घाटावरची ताजी भाजी न्या: गवार, घेवडा, कोथिंबीर, आलं. कोथिंबिरीच्या जुड्या बघून मावससासूबाई जेवढ्या खूश झाल्या, तेवढ्या आमच्या लग्नातही झाल्या नव्हत्या.

नदीतल्या होडीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते. तुम्ही कुणी असं फिरला असाल तर सांगा.

---

सदाशिवी_भटका

मस्त! पण नातेवाइकांच्या घरी राहायचं म्हणजे झोप, जेवण, सगळं त्यांच्या वेळेने. मी हॉटेलात राहून भेटायला जाणारा माणूस आहे. तासभर बसायचं, आंबे घ्यायचे, निघायचं. दोन्ही पार्ट्या सुखी.

मुक्कामपोस्ट

@सदाशिवी_भटका, त्या एका तासात ते तुम्हाला तब्येतीचं सांगतात आणि तुम्ही मुलांच्या पॅकेजचं. भांडणं दुसऱ्या रात्री बाहेर येतात. :)

---

पाऊणपट

फेरीबोटीने फिरणार असाल तर भरती-ओहोटीचं गणित यायलाच हवं. मोबाईलवर तक्ते असतात, पण आमच्या आजोबांची रीत कालनिर्णय बघून चालते. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तासाच्या आसपास वेळ पुढे सरकते, म्हणून हे जमतं. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण धक्क्यावर किती ताटकळायचं याचा अंदाज येतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याचा उतार इतका तीव्र होतो की लांब, बुटक्या गाड्यांचं पोट घासतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फार हलत नाही. नवशिक्या चालकांनी भांगाचे दिवस पकडावेत.

सदाशिवी_भटका

अरे वा, हे माहीत नव्हतं. एकादशीला किती?

पाऊणपट

सव्वाआठ. उपासाचं पाणी पिऊन निघा, दुपारी दोन-अडीचला चिखल बघायला मिळेल.

---

डेक_पॅसेंजर

धागा वाचून जुने दिवस आठवले. आमच्या लहानपणी चाकरमानी मे महिन्यात बोटीनेच जायचे. भाऊच्या धक्क्यावर रांग, वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका. हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नसे, लांब नांगर टाकायची आणि मग पडाव (छोट्या होड्या) यायचे. रात्रीच्या अंधारात बोटीतून पडावात उतरताना आई एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने लोणच्याची बरणी धरायची. यातलं अधिक घट्ट कोणतं धरलं होतं याबद्दल आजही घरात मतभेद आहेत. वडील सांगायचे की त्यांच्या वेळी दाभोळला उतरून चिपळूणची माणसं लाँचने वाशिष्ठीतून थेट गोवळकोटपर्यंत जायची. नदी हाच रस्ता होता.

पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे मिरगाच्या आत परतायचंच. त्या काळातल्या लोकांच्या मनात धास्तीही असे. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आजीने त्यानंतर कधी बोटीत पाय ठेवला नाही. एसटी सुरू झाल्यावर घाटातल्या वळणांवर उलट्या काढत जायची, पण बोटीचं नाव काढायची नाही.

---

खाडीपल्याडची

सगळं छान लिहिलंय, ताई. पण मी याच पट्ट्यातली सून आहे, म्हणून थोडं वेगळं बोलते. राग मानू नका.

तुम्हाला धक्क्यावर थांबण्यात मजा येते कारण तुम्हाला कुठे पोचायचं नसतं. माझ्या सासऱ्यांना रात्री छातीत कळ आली तेव्हा शेवटची फेरी होऊन गेली होती. पलीकडच्या गावातल्या दवाखान्याचे दिवे आमच्या अंगणातून दिसतात. आम्ही वळसा घालून गेलो. पोचलो वेळेत, ते ठीक आहेत, पण तो रस्ता मी विसरणार नाही. माझी नणंद पलीकडे दिलेली, शाळेत शिक्षिका आहे. तिचं अख्खं वेळापत्रक फेरीबोटीवर. रेवस ते रेड्डी सागरी मार्गावर या खाड्यांवर पूल बांधायचे आहेत, ते लवकर व्हावेत असं इथल्या बहुतेकांना वाटतं. बागमांडल्याला तुम्ही रखडलेल्या पुलाचे खांब बघितले असतील. ते बघून पाहुणे फोटो काढतात, आम्ही सुस्कारे टाकतो.

डेक_पॅसेंजर

पटलं. आंजर्ल्याला पूर्वी जोग नदी तरीने ओलांडायला लागायची. पूल झाल्यावर ती होडी गेली. गावातल्या कुणाला त्याचं वाईट वाटलेलं मी ऐकलं नाही, वाईट वाटलं ते आमच्यासारख्या मुंबईकरांना.

मुक्कामपोस्ट

@खाडीपल्याडची, राग कसला. आत्याही हेच म्हणते, फक्त इतक्या नीट शब्दांत नाही. ती म्हणाली, "तुला हौस म्हणून बोटीत बस. मला बाजार आणायचा असतो." पूल व्हायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच की झाल्यावरही धक्क्यांवरून छोट्या होड्या चालू राहिल्या, पायी जाणाऱ्यांसाठी आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी, तर तांडेलांचाही धंदा टिकेल. गोव्यात पूल आणि फेरी दोन्ही नांदतात ना?

---

मांडवीपार

नांदतात! पणजी-बेतीला इतके पूल डोक्यावर असूनही फेरी चालते, आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पण खरी मजा जुन्या गोव्याहून दिवाडीला जाण्यात. व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरायचं, मांडवी ओलांडली की बेटावर भातशेतं आणि जुनी घरं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी आहे, ती घेऊन डिचोलीच्या बाजूला गेलात की सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवरचं, पोर्तुगिजांनी मोडल्यावर देव नदीपलीकडे नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. देवाने जो प्रवास केला तोच तुम्ही फेरीने करता.

दिवाडीला पूल हवा की नको यावरून बेटावरच दोन तट आहेत, त्यात मी पडत नाही. माझी सासुरवाडी तिथे आहे. :)

जून अखेरीपर्यंत सुट्टी ताणता आली तर २९ जूनला सांगोड बघा. मच्छीमार दोन होड्या एकत्र बांधून त्यावर मंच करतात, गाणी, नाटुकली, आणि हे सगळं भर पावसात नदीवर तरंगत.

---

वाशिष्ठीकाठ

गुहागरपर्यंत येऊन चिपळूण टाळलंत, निषेध! :P

उन्हाळ्यात नदीत होडीने फिरायचं असेल तर वाशिष्ठीसारखी नदी नाही. कोकणातल्या बाकीच्या नद्या मे महिन्यात वरच्या अंगाला दगडधोंडे होऊन पडलेल्या असतात. आमच्या नदीला पाणी असतं, कारण ते सह्याद्रीच्या पलीकडून येतं. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरांतून खाली उतरतं, कोळकेवाडीच्या धरणात अडतं, तिथे पुन्हा वीज करून वाशिष्ठीत सोडतात. कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायला मंजुरी दिली, त्यावर आमचा उन्हाळा निघतो. मुंबईत पंखे फिरतात तेव्हा चिपळूणला नदी वाहते, असं आम्ही गमतीने म्हणतो. २२ जुलै २०२१ ला याच नदीने बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आणलं, तेही लक्षात आहे. तरी होडीत बसतोच.

गोवळकोट आणि मालदोलीच्या बाजूने मगरी बघायला होड्या जातात. ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो तेव्हा मगरी ऊन खात पडलेल्या असतात. मेमध्ये नऊ-दहानंतर ऊन तापलं की पाण्यात उतरतात, म्हणून सकाळची ओहोटी हवी. पाऊणपट यांच्या हिशेबाने तृतीया-चतुर्थीचा दिवस बरा, पण लक्षात ठेवा, भरती समुद्राकडून वर चढत येते. दाभोळची वेळ गोवळकोटला चालत नाही, तासाभराहून जास्त उशीर धरा. आणि पाण्यात हात घालू नका. हे दर वेळी सांगावं लागतं.

पाऊणपट

बरोबर. बंदराची वेळ वेगळी, खाडीच्या वरच्या टोकाची वेगळी. अचूक हवं तर तांडेलालाच विचारायचं, तो कालनिर्णय बघत नाही.

---

लीड्सची_लेक

परदेशातलं चालेल का? आईबाबा दर उन्हाळ्यात इकडे यायचे आणि आम्ही त्यांना लंडन, एडिंबरा करत पळवायचो. गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मग लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर नॅरोबोट भाड्याने घेतली. दोनेक मीटर रुंद आणि खूप लांब, आत स्वयंपाकघर, झोपायची सोय. चालवायला परवाना लागत नाही, निघताना शिकवतात. वेगमर्यादा ताशी चार मैल. काठावरून चालणारे लोक आम्हाला मागे टाकत होते.

बिंगलीला एकाला एक जोडलेले पाच लॉक आहेत, १७७४ पासूनचे. एकेका हौदात पाणी भरून बोट वर चढवत अठरा मीटर उंची गाठायची. तिथले कर्मचारी मदतीला असतात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी त्या कर्मचाऱ्याला इतके प्रश्न विचारले की मागे दोन बोटी खोळंबल्या. आई आत साबुदाण्याची खिचडी करत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी "परत कधी जायचंय" असं विचारलं नाही.

सदाशिवी_भटका

ताशी चार मैल म्हणजे लक्ष्मी रोडचा शनिवार संध्याकाळचा वेग.

---

कर्लीचो_झील

मालवणाक कोणाकडे इल्लात तां सांगलात नाय! आमच्याकडे कर्लीच्या पात्रात होडी फिरवक होयी तर सकाळी साताच्या आधी भायर सरा. दुपारनंतर वारो सुटता, पाणी हलाक लागता. देवबागाच्या संगमार गर्दी आसता, तकडे सगळे पाण्यातले खेळ चलतत. माका विचारशात तर नदीतसून वर जावा, माडांच्या सावळेन. तकडे कोण नसता.

(लिहायचा कंटाळा आला, आता प्रमाण मराठीत.) लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडणाऱ्याच्या होडीत बसू नका, ओळखीचा असला तरी. माणसं किती बसवली ते स्वतः मोजा. मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी बोटिंग बंद होतं, १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही, ती ३१ जुलैपर्यंत. मेचे पहिले दोन आठवडे धरून या, आंबाही तेव्हाच असतो.

मुक्कामपोस्ट

@कर्लीचो_झील, अगदी तसंच केलं! नवऱ्याच्या मित्राच्या चुलत्यांची होडी होती. इंजिन बंद करून त्यांनी वल्ह्याने नेली. दोन्ही मित्र साठी ओलांडलेले, शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत होते, काका अधूनमधून "हळू, होडी हलते" म्हणून दटावत होते. वरच्या अंगाला बायका कमरेभर पाण्यात तिसऱ्या (शिंपल्या) काढत होत्या. आम्ही थांबून विकत घेतल्या, दुपारी सुक्या केल्या. मित्राच्या बायकोने त्यात खोबरं किती घालायचं यावरून तिच्या सासूशी जो वाद घातला, तो ऐकून मला माझं घर आठवलं. वहिनींची बाजू बरोबर होती, असं मी सासूबाई आत गेल्यावर सांगितलं.

---

कृष्णाकाठचा_कार्टा

कोकणवाल्यांनी धागा ताब्यात घेतलाय म्हणून घाटावरची एक नोंद. औदुंबरला दत्ताचं दर्शन झालं की नावेने कृष्णा ओलांडून पलीकडे भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरीला जायचं. आमची आजी वर्षातून एकदा सगळ्या सुना-नातवंडांना घेऊन जायची, घाटावर बसून दहीभात. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, पण चिंचा आणि वडांच्या सावलीत दुपार निघते. भरती-ओहोटीचं गणित नको, तिकिटाची रांग नको.

---

नवीन_आई_२

खूप छान धागा, वाचनखूण साठवली. मुलगी चार वर्षांची आहे. फेरीबोटीत गाडीतच बसवून ठेवायचं की खाली उतरायचं? आणि दाभोळहून गाडी उलटी चढवावी लागते का? मला रिव्हर्सची धास्ती आहे.

मुक्कामपोस्ट

गाडी लागली, हँडब्रेक ओढला की खाली उतरा, मुलीचा हात धरून कठड्यापासून आत उभ्या राहा. गाडीत बसलं तर उकडतं आणि काही दिसतही नाही. सरळ की उलटी ते बोट कशी लागली आहे आणि आधी किती गाड्या चढल्यात त्यावर असतं. खलाशी समोर उभं राहून हाताने खुणा करतात, त्यांच्याकडेच बघा, मागे बसलेल्या सल्लागारांकडे नको. फारच भीती वाटली तर त्यांना सांगा, कुणीतरी चढवून देतं.

खाडीपल्याडची

आणि शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच धक्क्यावर विचारून ठेवा. चुकलीच तर आमचं घर जवळ आहे, मेसेज करा.